रोजचं तेच काम, एकदाच लिहून ठेवलेलं



बऱ्याच दिवसांनी लिहितोय. मध्यंतरी दोन-तीन लेख अर्धवट लिहून तसेच पडले. हा मात्र पुरा करायचाच असं ठरवून बसलोय, कारण हे एका प्रश्नाचं उत्तर आहे आणि प्रश्न विचारणारा घरातलाच आहे.

परतवारीला गावी गेलो होतो. नवीन वाचकांसाठी सांगतो, आमचं गाव नरसी नामदेव. हिंगोली जिल्हा, कयाधू नदीचा काठ. संत नामदेवांचं जन्मगाव म्हणून ते ओळखलं जातं. आषाढी झाली की पंधरा दिवसांनी जी एकादशी येते, तिला आमच्याकडे परतवारी म्हणतात आणि त्या दिवशी गावात पाय ठेवायला जागा नसते. घर पाहुण्यांनी भरलेलं, बाहेर पाऊस आणि नेमाने गेलेली लाइट. ओसरीवर मी आणि माझा भाचा. बोलता बोलता विषय त्याच्या नोकरीवर आला.

भाचा हिंगोलीत एका खाजगी कॉम्प्युटर लॅबमध्ये काम करतो. तिथे क्लासही चालतात आणि अधूनमधून ऑनलाइन परीक्षाही होतात. साठ कॉम्प्युटर आहेत. परीक्षेच्या आदल्या दिवशी हा आणि याचा जोडीदार प्रत्येक मशीनसमोर बसतात. जुन्या फाइली काढायच्या, तारीख-वेळ बघायची, डिस्कवर जागा किती उरली ते बघायचं, परीक्षेचं फोल्डर कॉपी करायचं, मग पुढची खुर्ची. साठ वेळा. दोघांचे मिळून चार तास जातात.

मी त्याला गेली दोन वर्षं एकच सांगतोय, की स्क्रिप्ट लिहायला शिक. या वेळी तो म्हणाला, "मामा, तुम्ही म्हणता ते खरं आहे. पण आता एआयला सांगितलं की दोन मिनिटांत स्क्रिप्ट लिहून देतं. मग मी कामून शिकू? आणि शिकलो, चार तासांचं काम दहा मिनिटांत केलं, तर दोघांपैकी एकाला घरी बसवतील. मग ते शिकणं कोणाच्या फायद्याचं?"

तेवढ्यात फराळासाठी हाक आली आणि मला उत्तर द्यावं लागलं नाही. खरं सांगायचं तर तेव्हा माझ्याकडे नीट उत्तर नव्हतंच. पुण्याला परत येताना रस्ताभर तेच डोक्यात होतं.

आधी आमच्या आत्याबाईंसारख्या वाचकांसाठी थोडं मागचं सांगतो. (आत्याबाईंना अजूनही वाटतं की मी कॉम्प्युटर दुरुस्त करतो आणि लग्नकार्यात कुणाचाही लॅपटॉप माझ्या हातात दिला जातो.) मी सिस्टीम अ‍ॅडमिनिस्ट्रेटर आहे. म्हणजे कंपनीची जी मोठी मशीन दिवसरात्र चालतात, त्यांची देखभाल. ही मशीन बहुतेक वेळा चित्रं आणि बटणं दाखवत नाहीत. काळी खिडकी असते, तिच्यात शब्द टाइप करायचा, उत्तर येतं. असे शब्द एकाखाली एक लिहून फाइलमध्ये ठेवले आणि ती फाइलच चालवली, तर तिला स्क्रिप्ट म्हणायचं. रोजचं काम एकदाच लिहून ठेवलेलं. एवढंच आहे ते.

यातली खरी गंमत म्हणजे पाइप. एका आज्ञेचं उत्तर थेट दुसऱ्या आज्ञेच्या तोंडात द्यायचं. बेल लॅब्जमधल्या डग मॅकिलरॉय यांनी १९६४ सालीच एका टिपणात लिहिलं होतं की बागेत पाण्याच्या नळ्या जोडतात तसे प्रोग्रॅम एकमेकांना जोडता आले पाहिजेत. युनिक्समध्ये केन थॉम्प्सन यांनी ती सोय केली १९७३ साली. आमच्या भागातल्या शेतकऱ्याला हे शिकवावं लागणार नाही. पीव्हीसीच्या पाइपाला कपलिंग कसं लावायचं हे त्याला माहीत असतं. हळदीचंही तसंच. काढायची, शिजवायची, वाळवायची, पॉलिश करायची, मग मोंढ्यावर न्यायची. एका टप्प्यातून निघालेला माल पुढच्या टप्प्यात जातो. प्रत्येक टप्पा आपलं एकच काम करतो आणि ते चोख करतो. युनिक्सवाल्यांचंही म्हणणं हेच.

माझी सुरुवात २००३ सालची. पुण्यात नवीन नोकरी. सकाळी आलो की चौतीस सर्व्हरांवर एकेक करून लॉगिन करायचं, डिस्क किती भरली ते बघायचं आणि रजिस्टरमध्ये पेनाने लिहायचं. दोन तास लागायचे. मला त्याचा अभिमान होता, अक्षर चांगलं होतं माझं! आमचे एक वरिष्ठ चारपाच दिवस बघत होते. सहाव्या दिवशी शेजारी येऊन बसले आणि विचारलं, "हे तू किती वर्षं करणार आहेस?" मग त्यांनी चार ओळी टाइप केल्या. सर्व्हरांच्या नावांची यादी एका फाइलमध्ये, तिच्यातलं एकेक नाव उचल, तिथे जा, डिस्क बघ, नव्वद टक्क्यांच्या वर असेल तरच छाप. चौतीस सर्व्हर दोन मिनिटांत. पडद्यावर तीनच नावं आली. त्यातलं एक मी त्या सकाळी रजिस्टरमध्ये चुकीचं लिहिलं होतं.

त्या दिवसापासून मला वेड लागलं. ग्रेप, सेड, ऑक. (ऑक म्हणजे काय हे मला कित्येक महिने कळलं नव्हतं. आहो, वाइनबर्गर आणि कर्निघन या तिघांच्या आडनावांची ती आद्याक्षरं निघाली, १९७७ सालची.) मी जिल्हा परिषदेच्या शाळेतला, बारावीपर्यंत मराठी माध्यम. इंग्रजी म्हटलं की घशाला कोरड. पण शेलची भाषा इंग्रजी दिसत असली तरी इंग्रजी नाही. जर, तर, नाहीतर, प्रत्येकासाठी, तोपर्यंत. अशा पंधरा-वीस शब्दांवर सगळा कारभार चालतो. व्याकरण चुकलं तर शेल तुम्हाला हसत नाही, फक्त कुठल्या ओळीवर अडलं ते सांगतं. इंग्रजीची भीती माझ्या मनातून निम्मी तरी काळ्या खिडकीने घालवली. माझ्या वेळी शिकवायला कुणी नव्हतं. आज आयआयटी मुंबईच्या स्पोकन ट्युटोरियल प्रकल्पात लिनक्स आणि बॅशचे छोटे छोटे धडे मराठी आवाजातसुद्धा आहेत. माध्यमाचं कारण आता खरंच उरलेलं नाही.

आता भाच्याचा पहिला प्रश्न. एआय लिहून देतंय तर शिकायचं कशाला?

यावर माझी एक जुनी जखम सांगतो. साल २००६. (कुठली कंपनी ते विचारू नका.) रात्री दोन वाजता डेटाबेसची प्रत काढायची स्क्रिप्ट मी लिहिली आणि क्रॉनमध्ये लावली. क्रॉन म्हणजे ठरलेल्या वेळी काम आपोआप सुरू करणारा रखवालदार. दिवसा हाताने चालवून बघितली, छान चालली. रोज सकाळी बघायचो, त्या तारखेची फाइल जागेवर असायची. चार महिन्यांनी मूळ डिस्क गेली. मी ऐटीत म्हणालो, काळजी करू नका, बॅकअप आहे. फाइल उघडली, शून्य बाइट. आदल्या दिवशीची उघडली, शून्य. चारही महिन्यांच्या सगळ्या फाइली शून्य.

झालं असं होतं, की मी हाताने चालवायचो तेव्हा कुठली आज्ञा कुठल्या फोल्डरमध्ये सापडते हे शेलला माहीत असायचं. क्रॉनला ती माहिती फार थोडी असते. त्यामुळे प्रत काढणारी आज्ञा त्याला सापडतच नव्हती. पण ‘जे उत्तर येईल ते या फाइलमध्ये लिही’ असं सांगितलं की शेल ती फाइल आधी तयार करून ठेवतं. आज्ञा मेली, फाइल जन्मली, रिकामी. मी फाइल आहे एवढंच बघत होतो. आत काय आहे हे चार महिन्यांत एकदाही बघितलं नाही.

त्याची किंमत मी दिली नाही. डेटा एंट्री करणाऱ्या तीन मुली कागदांचे गठ्ठे घेऊन तीन आठवडे रात्री नऊ-नऊ वाजेपर्यंत बसल्या. त्यातली एक तळेगावहून यायची, लोकल चुकायची तिची. मला कुणी फारसं बोललं नाही. बोलले असते तर बरं झालं असतं.

मोठ्या कंपन्याही यातून सुटलेल्या नाहीत. ३१ जानेवारी २०१७ ला गिटलॅबमध्ये रात्री उशिरा काम करणाऱ्या एका इंजिनिअरने चुकून दुसऱ्याच सर्व्हरवरचा, म्हणजे मुख्य डेटाबेसचा डेटा पुसला. बॅकअप शोधायला गेले तर आवृत्ती जुळत नसल्यामुळे बॅकअपची आज्ञा अपयशी ठरत होती. अपयश कळवणाऱ्या ईमेल पाठवल्या जात होत्या, पण त्या पोचण्याआधीच नाकारल्या जात होत्या. शेवटी सहा तासांपूर्वीची एक प्रत हाताशी होती म्हणून निभावलं. कौतुक याचं की त्यांनी हे सगळं लपवलं नाही, सविस्तर लिहून जगासमोर ठेवलं. ते वाचताना मला २००६ सालचा मीच दिसत होतो.

तर मुद्दा असा की स्क्रिप्ट लिहिणं हा कधीच अवघड भाग नव्हता. पूर्वी आम्ही दुसऱ्याची उचलून आणायचो, आता एआय देतं. अवघड भाग तिच्याकडे बघून ‘हे नाही झालं तर काय?’ असं विचारणं हा आहे.

फराळानंतर भाच्याने मोबाइलवर त्याला एआयने लिहून दिलेली स्क्रिप्ट दाखवली. पॉवरशेलमधली. (विंडोजवरचं हे शेल मायक्रोसॉफ्टने २००६ साली आणलं.) दिसायला सुबक, टिपांसकट. कुठलं फोल्डर साफ करायचं त्याचं नाव एका फाइलमधून वाचायचं आणि त्या फोल्डरच्या आतलं सगळं पुसायचं. मी काही बोललो नाही. एवढंच विचारलं, "ही नावाची फाइल सापडली नाही तर?"

तो बराच वेळ मोबाइलकडे बघत राहिला. मग हळूच म्हणाला, "मग नाव रिकामं. म्हणजे पुढे नुसती तिरपी रेघ आणि चांदणी. मामा, हे तर अख्खं सी ड्राइव्ह!"

बरोबर. अगदी हीच चूक २०१५ साली लिनक्सवरच्या स्टीम या गेमच्या प्रोग्रॅममध्ये सापडली होती. फोल्डरचं नाव रिकामं राहिलं आणि एका माणसाच्या घरच्या सगळ्या फाइली गेल्या. त्या ओळीच्या वर लिहिणाऱ्यानेच ‘भीतीदायक!’ अशा अर्थाचा शेरा मारून ठेवला होता. भीती वाटली, शेरा मारला आणि ओळ तशीच ठेवली. माणूस असाच असतो, आणि माणसांनी लिहिलेलं वाचूनच एआय शिकलंय.

भाच्याने ती चूक कशी पकडली? एक तर त्याला थोडं वाचता येत होतं. दुसरं म्हणजे त्याला ती लॅब माहीत होती. लगेच तो पुढे सांगत सुटला, की तीन मशीनवर डी ड्राइव्हमध्ये मुलांच्या मराठी टायपिंगच्या सरावाच्या फाइली असतात, त्या पुसायच्या नाहीत. फाइलींची नावं ‘नवीन फोल्डर (३)’ अशी मोकळ्या जागा सोडून दिलेली असतात, अवतरणचिन्हं न घालता अशी नावं दुसऱ्या आज्ञेला दिली तर एका नावाचे तीन तुकडे होतात. हे एआयला कुणी सांगितलं होतं? कुणीच नाही. सांगायला हवं हे कळण्यासाठी आधी आपल्याला ते कळावं लागतं. म्हणून शिकायचं, बाबा. लिहिण्यासाठी नसेल तर वाचण्यासाठी. ज्याला सही करता येते पण वाचता येत नाही, त्याच्याकडून कशावरही सही घेता येते. आपल्या आजोबांच्या पिढीने ते सातबाऱ्यावर भोगलंय.

आता दुसरा प्रश्न, आणि तोच जास्त अवघड आहे.

२००८ साली आमच्याकडे कंत्राटावर एक सहकारी होता. वयाने माझ्यापेक्षा मोठा. रोजच्या लॉग फाइली गोळा करायच्या, दाबून ठेवायच्या आणि त्यांचा तक्ता करून साहेबांना पाठवायचा, हे त्याचं काम. मी दोन संध्याकाळी बसून त्याची स्क्रिप्ट केली. कुणी सांगितलं नव्हतं, हौस. मीटिंगमध्ये कौतुक झालं. तीन महिन्यांनी त्याचं कंत्राट वाढवलं नाही. शेवटच्या दिवशी त्याने मला चहा पाजला आणि म्हणाला, "छान लिहिलीस रे."

ते वाक्य अजून कानात आहे. ती स्क्रिप्ट लिहायला नको होती असं मला आजही वाटत नाही. ते काम माणसाने रोज करत बसावं असं नव्हतंच. पण ती त्याने लिहायला हवी होती. मी शेजारी बसून शिकवायला हवं होतं. दोन संध्याकाळींऐवजी दोन महिने लागले असते. पण मग ‘लॉग गोळा करणारा’ अशी त्याची ओळख राहिली नसती. लॉगचं काम स्वयंचलित करणारा माणूस, अशी झाली असती.

माझं मत तेव्हापासून पक्कं आहे. ज्याचं काम, त्यानेच त्याची स्क्रिप्ट लिहावी. वरून आलेली स्क्रिप्ट माणसाला काढते, खालून उगवलेली स्क्रिप्ट माणसाला निदान उभं राहायला जागा देते. आणि ज्याने ते काम हजार वेळा हाताने केलंय, त्याच्या स्क्रिप्टमध्ये चुकाही कमी असतात, कारण कुठे ठेच लागते ते त्याला ठाऊक असतं.

मालक लोकांनाही एक सांगायचंय. गूगलच्या लोकांनी २०१६ साली आपल्या कामाच्या पद्धतीवर एक पुस्तक काढलं. त्यात ते म्हणतात की देखभाल करणाऱ्या इंजिनिअरचा निम्म्याहून जास्त वेळ अशा रटाळ, पुन्हा पुन्हा करायच्या कामात जाता कामा नये. उरलेला निम्मा वेळ सुधारणेसाठी. म्हणजे वाचलेला वेळ त्याच माणसाला परत द्यायचा असतो. आपल्याकडे चार तास वाचले की पहिला विचार येतो, आता एक पगार वाचेल. पण त्या लॅबमध्ये यूपीएसची बॅटरी कोण बघतं? बॅकअप उघडून कोण बघतं? माझ्या चार महिन्यांच्या शून्य बाइटांची आठवण ठेवा.

तरी भाच्याची भीती खोटी आहे असं मी म्हणणार नाही. एकाला काढूही शकतील. शहरात बसून ‘शिकलेल्याला कुठेही नोकरी मिळते’ असं म्हणणं सोपं आहे. हिंगोलीत अशा किती लॅब आहेत ते त्याला माझ्यापेक्षा जास्त माहीत. एवढंच म्हणेन, की न शिकल्याने ती नोकरी टिकेल याचीही खात्री नाही. उद्या कुणीतरी तयार स्क्रिप्ट घेऊन येईलच. तेव्हा ती वाचता येणारा माणूस खोलीत असलेला बरा.

काही जण म्हणतात, हाताने केलं की खात्री असते. मलाही रजिस्टरच्या काळात असंच वाटायचं. त्रेचाळिसाव्या मशीनवर डोळा चुकतोच. मात्र एक मान्य, की हाताची चूक एका मशीनवर होते आणि स्क्रिप्टची एकदम साठ मशीनवर. म्हणून माझे काही साधे नियम. आधी कागदावर मराठीत लिहा, काय काय करायचंय ते. मराठीत सांगता आलं नाही तर स्क्रिप्टमध्येही येणार नाही. प्रत्येक ओळीपुढे लिहा, ‘हे नाही झालं तर?’ पुसणारी आज्ञा आधी नुसती बोलून दाखवायला लावा. पॉवरशेलमध्ये त्यासाठी ‘व्हॉट-इफ’ची सोय आहे, बॅशमध्ये आज्ञेच्या आधी ‘एको’ लावता येतो. नाव रिकामं असेल तर तिथेच थांबायला सांगा. आधी एक मशीन, मग पाच, मग साठ. काय झालं ते फाइलमध्ये लिहून ठेवा. आणि महिन्यातून एकदा तरी बॅकअप खरोखर उघडून बघा.

परवा भाच्याचा फोन आला. त्याने स्क्रिप्ट केली, बावीस ओळींची. अर्धी एआयची, अर्धी त्याची, पण प्रत्येक ओळ कशासाठी आहे ते त्याने मला फोनवर सांगितलं. पहिल्यांदा नुसती बोलून दाखवायला लावली, तर तीन मशीनची तारीख कित्येक वर्षं मागची निघाली. मदरबोर्डवरचे बटण सेल संपले होते. आजवर परीक्षेच्या आदल्या दिवशी हाताने तारीख दुरुस्त करून हे दोघं पुढच्या खुर्चीवर जायचे, सेल संपलाय हे कुणी बघितलंच नव्हतं. दोघांनी नवीन सेल आणून बसवले.

मी विचारलं, "एकट्याने लिहिलीस?"

"नाही मामा. जोडीदाराला शेजारी बसवलं. अर्ध्या ओळी त्याच्या आहेत."

मला काय वाटलं ते लिहीत नाही, आत्याबाई लगेच फोन करतील.

फोन ठेवताना त्याने विचारलं, "मालकाला सांगू का?" मी म्हणालो, "सांग. पण दोघांनी मिळून जा. आणि वाचलेल्या चार तासांत काय काय करणार, ती यादी बरोबर न्या."

अजून गेलेले नाहीत. काय होतं ते कळलं की लिहीनच.